खासगी पैशातला टोल द्रुतगती मार्ग: वादात उतरण्याआधीचे प्रश्न

खासगी द्रुतगती मार्गाची घोषणा झाली की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एकाला रस्ता हवा असतो, दुसऱ्याला टोल नको असतो, आणि बहुतेक वेळा दोघे एकमेकांच्या प्रश्नाला उत्तरच देत नसतात. खालची उत्तरं कुठल्याही एका प्रकल्पाची बाजू घेण्यासाठी किंवा त्याला विरोध करण्यासाठी लिहिलेली नाहीत. वेगवेगळ्या देशांत असे रस्ते झाले, चालले, बुडाले. त्या अनुभवातून ती काढली आहेत. माझा कल आधीच सांगून टाकतो: टोल असावा की नसावा, यापेक्षा करारात काय लिहिलंय हा प्रश्न मला मोठा वाटतो.

‘खासगी पैसा’ म्हणजे नेमका कोणाचा पैसा?

कंपनीचा, असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. अशा रस्त्यासाठी सहसा एक स्वतंत्र कंपनी काढली जाते आणि तिच्याकडे त्या रस्त्याच्या हक्काखेरीज दुसरी मालमत्ता नसते. प्रवर्तक स्वतःचं भांडवल घालतात ते साधारण एकूण खर्चाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकं. बाकीचं कर्ज: बँकांचं, रोख्यांचं, पेन्शन फंडांचं. हे कर्ज टोलच्या उत्पन्नातून फेडायचं असतं, त्यामुळे रस्ता बुडाला तरी बँकांना प्रवर्तकाच्या इतर मालमत्तेला हात लावता येत नाही. त्याचं नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतं. तोच प्रवर्तक बांधकामाचा ठेकेदारही असेल, तर त्या भांडवलातला काही भाग बांधकामाच्या नफ्यातून त्याला आधीच परत मिळालेला असतो.

म्हणजे कंपनी पैसा उभा करते. खर्च सोसतात ते टोल भरणारे, आणि टोल पुरला नाही तर करदाते.

‘सरकारचा एक पैसाही लागणार नाही’ हे वाक्य ऐकलं की तीन गोष्टी विचाराव्यात. जमीन कोण संपादित करतंय आणि कोणत्या भावाने? जोडरस्ते आणि पूल कोणाच्या खात्यावर? सरकारने कर्जाला किंवा उत्पन्नाला हमी दिली आहे का? हमीचे पैसे आज खर्ची पडत नाहीत, त्यामुळे अर्थसंकल्पात ते कोणाच्या नजरेला पडत नाहीत.

सरकारला तर कर्ज स्वस्त मिळतं. मग ते स्वतःच का बांधत नाही?

प्रश्न रास्त आहे. सरकारला बहुतेक ठिकाणी खासगी कंपनीपेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळतं, शिवाय कंपनीला नफाही हवा असतो. तरीही हा मार्ग निवडण्याची दोन कारणं असतात, एक उघड बोललं जाणारं आणि एक न बोललं जाणारं. उघड कारण जोखमीचं: बांधकाम रखडलं, खर्च वाढला, वाहनं कमी आली तर तो फटका कंपनीने सोसायचा. न बोललं जाणारं कारण हिशेबाचं: खासगी कंपनीने काढलेलं कर्ज अनेकदा सरकारी कर्जाच्या आकड्यात धरलं जात नाही, म्हणून मंत्र्यांना कर्ज न वाढवता रस्ता दाखवता येतो.

पहिलं कारण खरं असेल तर जास्तीचं व्याज हा जोखमीचा विमा ठरतो आणि तो विकत घेण्यात काही गैर नाही. पण कराराच्या मागच्या पानांवर तीच जोखीम सरकारने परत घेतली असेल, तर विम्याचा हप्ता भरूनही विमा नाही अशी गत होते. हे पान कुठलं, ते पुढे येईलच.

ही कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा सुमारे १०० किलोमीटरचा टोल रस्ता खासगी कंपनीने १७९५ मध्ये पुरा केला. त्या काळात अशा रस्त्यांच्या शेजारून टोल चुकवायला आडवाटा पडत आणि कंपन्या त्या बुजवायला बघत. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी रात्री बायकांचे कपडे घालून टोलनाके फोडले. ते ‘रिबेकाचे दंगे’ म्हणून ओळखले जातात. दंगे शमल्यावर चौकशी आयोग बसला आणि १८४४ मध्ये कायदा बदलून टोलचा भार हलका करण्यात आला. वाद जुना, मागण्याही जवळपास त्याच.

रोज इतकी वाहनं येतील, हा आकडा कोण काढतं? तो कितपत खरा असतो?

अख्ख्या प्रकल्पाचा डोलारा ज्या एका आकड्यावर उभा असतो, तो हा. टोल किती, कर्ज किती, मुदत किती, सगळं त्यातून निघतं. आकडा वाहतूक सल्लागार काढतात. आजची वाहनं मोजतात, प्रवाशांना ‘वाचलेल्या वेळासाठी किती पैसे द्याल’ असं विचारतात, लोकसंख्या आणि उत्पन्नाची वाढ गृहीत धरतात आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांची रेघ काढतात.

ती रेघ बहुतेक वेळा वर झुकलेली असते. स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने २००२ नंतर काही वर्षं जगभरातल्या १०० हून अधिक टोल प्रकल्पांचे अंदाज आणि प्रत्यक्ष वाहतूक ताडून पाहिली. प्रत्यक्ष वाहनं अंदाजापेक्षा सरासरी २० ते ३० टक्के कमी होती.

सिडनीतला क्रॉस सिटी बोगदा ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झाला. अंदाज होता रोज सुमारे ९० हजार वाहनांचा. आली साधारण ३० हजार. डिसेंबर २००६ मध्ये कंपनी धनकोंच्या ताब्यात गेली. नव्या मालकाच्या हाती गेल्यावर २०१३ मध्ये तो बोगदा पुन्हा एकदा बुडाला. ब्रिस्बेनचा क्लेम-७ बोगदा मार्च २०१० मध्ये खुला झाला आणि वर्षही पुरं होण्याआधी, फेब्रुवारी २०११ मध्ये, त्याची तीच अवस्था झाली. तिथे गुंतवणूकदारांनी वाहतुकीचा अंदाज काढणाऱ्या सल्लागार कंपनीलाच न्यायालयात खेचलं आणि तिला मोठी रक्कम देऊन तडजोड करावी लागली.

हे गणित चुकतं कसं? एक कारण निविदेतच असतं. पाच कंपन्यांनी पाच अंदाज काढले, तर सर्वांत आशावादी अंदाज ज्याचा, त्याची बोली सर्वांत आकर्षक. म्हणजे ठेका जिंकणारा बहुधा सर्वांत जास्त चुकलेला असतो. दुसरं असं की सल्लागाराचं शुल्क प्रकल्प पुढे सरकण्यावर अवलंबून असेल तर ‘वाहनं येणार नाहीत’ असं लिहिणं त्याच्या हिताचं नसतं. तिसरं कारण ट्रकवाल्यांचं. टोल वाचवायला ते किती लांबून वळसा घेतील, हे कार्यालयात बसून कळत नाही. डिझेल, वेळ आणि टोल यांचा हिशेब मालक करतो आणि चालकाला जुन्या रस्त्याने जायला सांगतो.

म्हणून ‘तुमचा अंदाज काय’ एवढं विचारून थांबू नये. वाहनं ३० टक्के कमी आली तर काय होईल, याचं उत्तर लेखी मागावं. चांगल्या अहवालात ते असतं. नसेल तर अहवाल अपुरा आहे, असं खुशाल म्हणावं.

आणि कंपनी बुडाली तर? रस्ता बंद पडतो का?

रस्ता बंद पडत नाही, हे आधी लक्षात घ्या. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने आपला सुमारे २५० किलोमीटरचा टोल रस्ता २००६ मध्ये ७५ वर्षांसाठी भाड्याने दिला आणि ३.८ अब्ज डॉलर एकरकमी घेतले. मंदी आली, कर्ज डोईजड झालं, सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गाड्या मात्र एक दिवसही थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षी एका गुंतवणूक संस्थेने उरलेल्या मुदतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मोजून तो हक्क घेतला. राज्याने घेतलेले पैसे राज्याकडेच राहिले. इथे जोखीम खरोखर खासगी होती आणि बुडाले ते गुंतवणूकदार. खासगीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे असलेलं हे एक भक्कम उदाहरण आहे आणि ते मान्य करायला हवं.

आता दुसरी बाजू. स्पेनमध्ये माद्रिदभोवती खासगी टोल मार्ग बांधले गेले. वाहनं अंदाजाच्या जवळपासही आली नाहीत. जमिनीचा मोबदला न्यायालयांनी कित्येक पटींनी वाढवला. कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि २०१८ मध्ये ते मार्ग सरकारला ताब्यात घ्यावे लागले. करार मोडला तर न फिटलेल्या गुंतवणुकीची जबाबदारी सरकारवर येईल, अशी तरतूद तिथल्या कायद्यातच होती. मेक्सिकोत १९८९ ते १९९४ दरम्यान ५० हून अधिक टोल मार्ग खासगी कंपन्यांना दिले गेले. निविदेचा निकष होता ‘कमीत कमी मुदतीत रस्ता परत देईल तो’. मुदत कमी, म्हणून टोल अफाट. ट्रक जुन्या रस्त्यावरच राहिले. १९९४ च्या अखेरीस तिथलं चलन पेसो कोसळलं, व्याज गगनाला भिडलं आणि १९९७ मध्ये सरकारने २३ रस्ते कर्जासकट स्वतःकडे घेतले.

मघाशी म्हटलेलं मागचं पान ते हेच. करारात ‘मुदतपूर्व समाप्ती’ असं एक प्रकरण असतं. कंपनीच्या चुकीने करार मोडला तरी बँकांचं बहुतांश कर्ज सरकार फेडेल, असं त्यात लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर बँका वाहनांचे आकडे फारसे तपासत नाहीत. त्यांना कशाला काळजी?

टोलचा दर कोण ठरवतं? तो मनाला येईल तसा वाढवता येतो का?

करारावर अवलंबून आहे, आणि तिथे फरक प्रचंड आहेत. कॅनडातल्या टोरांटोचा ४०७ मार्ग सरकारनेच बांधला आणि १९९९ मध्ये ९९ वर्षांसाठी खासगी समूहाला दिला. सुमारे ३.१ अब्ज कॅनेडियन डॉलर मिळाले. करारानुसार, वाहनसंख्या ठरावीक पातळीच्या खाली न घसरल्यास कंपनीला दर वाढवायला सरकारची परवानगी लागत नाही. २००४ मध्ये तिथल्या ऑन्टारिओ प्रांताच्या नव्या सरकारने दरवाढ अडवायचा प्रयत्न केला. लवाद आणि न्यायालयं, दोन्हीकडे निकाल कंपनीच्या बाजूने लागला. निवडून आलेल्या सरकारला आधीच्या सरकारच्या सहीपुढे काही करता आलं नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा एम-६ टोल हा मार्ग डिसेंबर २००३ पासून सुरू आहे आणि त्याचा करार २०५४ पर्यंत आहे. तिथेही दर ठरवायला कंपनी मोकळी आहे. पण शेजारी बिनटोलचा एम-६ आहे, तोच तिला लगाम घालतो. दर फार वाढले की गाड्या तिकडे जातात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या डलेस ग्रीनवे या मार्गाची तऱ्हा वेगळी. तो खासगी मालकीचा असूनही दरवाढीसाठी राज्याच्या नियामक आयोगापुढे जावं लागतं आणि तिथे प्रवासी आक्षेप घेऊ शकतात.

बहुतेक करारांत महागाई निर्देशांकाशी जोडलेलं सूत्र असतं. ते सूत्र स्वतः चालवून बघा: दरवर्षी ठरावीक टक्के अधिक महागाईचा काही भाग, असं चक्रवाढीने पंचवीस वर्षं लावलं की पहिल्या दिवसाचा दर आणि शेवटच्या दिवसाचा दर यांचा मेळ लागत नाही. जाहिरातीत मात्र पहिल्या दिवसाचाच दर असतो.

पैसे वसूल झाल्यावर टोल बंद होतो का?

लोकांना सर्वांत जास्त चीड आणणारा प्रश्न हाच, आणि चीड बिनबुडाची नाही. गोम ‘वसूल’ याची व्याख्या काय, इथे आहे.

दिल्ली आणि नोएडाला जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग २००१ मध्ये सुरू झाला. १९९७ च्या करारात कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा धरला होता आणि ज्या वर्षी तेवढा मिळणार नाही त्या वर्षीची तूट पुन्हा प्रकल्प खर्चातच मिळवायची होती. याचा अर्थ नीट समजून घ्या. तूट खर्चात मिळाली की पुढच्या वर्षी तिच्यावरही २० टक्के. वाहनं धावत होती, टोल गोळा होत होता आणि कागदावरचं येणं मात्र दरवर्षी फुगत होतं. अशा सूत्रात वसुली पुरी होण्याचा दिवस उजाडतच नाही. नोएडातल्या रहिवासी संघटनांच्या महासंघाने याचिका केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये टोल बंद केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल कायम ठेवला. कंपनी निवडताना स्पर्धात्मक निविदा मागवल्या नव्हत्या, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं.

इंग्लंडमध्ये टेम्स नदीवरचा डार्टफर्डचा पूल खासगी पैशातून झाला आणि त्याचं कर्ज मुदतीच्या आत फिटलंही. टोल थांबला का? नाही. २००३ पासून तो ‘गर्दी आवरण्यासाठीचं शुल्क’ या नावाने सुरू राहिला, फक्त पैसे सरकारकडे जाऊ लागले. उलट सेव्हर्न नदीवरच्या पुलांचं उदाहरण आहे. तिथे ठरलेली रक्कम जमा झाल्यावर पूल सरकारकडे आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये टोल खरोखर उठला.

चिलीने १९९८ मध्ये सांतियागो ते वाल्पाराइसो या मार्गासाठी वेगळीच पद्धत वापरली. बोली लावायची ती वर्षांची नाही, तर आजच्या किमतीत एकूण किती उत्पन्न हवं त्या रकमेची. सर्वांत कमी रक्कम मागणाऱ्याला ठेका. तेवढं उत्पन्न झालं की करार संपला, मग दहा वर्षं लागोत की पंचवीस. वाहनं कमी आली तर मुदत आपोआप वाढते, जास्त आली तर घटते. अंदाज फुगवून काही मिळत नाही. मला विचाराल तर आजवरच्या पद्धतींत ही सर्वांत सरळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती वापरली जात नाही याचं मला नवल वाटत नाही. सरळ हिशेबात मागाहून फेरफार करायला जागा कमी उरते.

जुना, फुकटचा रस्ता तसाच राहील ना?

इथे डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत स्टेट रूट ९१ च्या मधोमध खासगी कंपनीने टोलच्या मार्गिका बांधल्या आणि त्या डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झाल्या. करारात एक कलम होतं: दोन्ही बाजूंच्या दीड मैलाच्या पट्ट्यात २०३० पर्यंत राज्याने रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही. शेजारच्या मोफत मार्गावर गाड्या तुंबायला लागल्या. राज्याने तिथे नव्या मार्गिका जोडायचं ठरवलं, तर कंपनी न्यायालयात गेली. लोक खवळले. अखेर २००३ मध्ये स्थानिक वाहतूक प्राधिकरणाने २० कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो सगळा हक्क विकत घेतला, तेव्हा कुठे मोफत मार्ग रुंद करायची वाट मोकळी झाली. मार्गिका बांधायला त्याहून बराच कमी खर्च आला होता.

सिडनीत तर बोगद्याकडे गाड्या वळाव्यात म्हणून वरचे रस्ते अरुंद केले गेले, काही वळणं बंद केली गेली. संताप इतका झाला की सरकारला त्यातले बरेच बदल मागे घ्यावे लागले.

‘स्पर्धा न करण्याचं कलम’ करारात असणं हे प्रत्येक वेळी पाप नव्हे. कंपनी कर्ज काढून रस्ता बांधणार आणि दुसऱ्याच वर्षी सरकार शेजारी फुकटचा सहापदरी टाकणार, असं होऊ नये एवढी अपेक्षा वाजवी आहे. पण जुन्या रस्त्याची दुरुस्ती, अपघातप्रवण वळणांची सुधारणा, सार्वजनिक बस आणि रेल्वे हे त्या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळलेलं असायला हवं. शिवाय टोल चुकवणारे ट्रक जुन्या रस्त्यावर येतात, तेव्हा त्या रस्त्याच्या देखभालीचा खर्च वाढतो आणि तो स्थानिक संस्थेच्या बोकांडी बसतो. प्रकल्प अहवालात हा खर्च कधी धरलेला दिसत नाही.

वाहतूक कोंडी सुटेल का?

काही काळ, हो. पुढचं सांगणं अवघड. जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या महानगरांचा अभ्यास मांडला: महामार्गांची लांबी जितकी वाढते, जवळपास तितक्याच प्रमाणात वाहनांचं धावणं वाढतं. टोलमुळे ही वाढ काहीशी रोखली जाते, विशेषतः गर्दीच्या वेळी दर जास्त ठेवला तर. पण मग एक विचित्र गाठ पडते. टोल मार्गावर वेगाने जायला मिळतं ते शेजारी कोंडी आहे म्हणूनच. कोंडी पार सुटली तर टोल भरेल कोण? कंपनीचं हित शेजारच्या कोंडीत असतं, हे कोणी मुद्दाम रचलेलं नसतं. गणितच तसं आहे.

ज्यांची जमीन जाते त्यांनी कशाकडे बघावं?

मोबदल्याच्या दराकडे सगळेच बघतात, म्हणून त्याबद्दल इथे कमी लिहितो. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असतं. अर्ध्या शेतात घर आणि अर्ध्यात विहीर असलेल्याला पलीकडे जायला किती लांबचा वळसा पडेल, हे नकाशावर आजच मोजता येतं. भुयारी मार्गांची जागा, रुंदी आणि उंची (ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा उसाची गाडी निघेल एवढी), ओढ्या-नाल्यांच्या मोऱ्या, भरावामुळे पावसाचं पाणी कुठे तुंबेल: या गोष्टी आराखडा अंतिम होण्याआधी सुचवल्या तर बदलतात. बांधकाम सुरू झाल्यावर त्याच गोष्टींसाठी आंदोलनं करावी लागतात.

रस्त्याला जमीन किती लागते, हेही तपासा. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी २००२ मध्ये जाहीर केलेल्या ‘ट्रान्स टेक्सास कॉरिडॉर’ची रुंदी ठिकठिकाणी १२०० फुटांपर्यंत जाणार होती, आणि जाळं सुमारे ६४०० किलोमीटरचं. रस्ता, रेल्वे, नळवाहिन्या सगळं एकाच पट्ट्यात. शेतकरी आणि पशुपालक, म्हणजे पेरींच्या पक्षाचेच पाठीराखे, विरोधात उभे राहिले. योजना २००९ मध्ये गुंडाळली गेली आणि २०११ मध्ये कायद्यातूनही काढली गेली.

आणखी एक. मार्गावर चढ-उतार करण्याचे चौक जिथे येतात तिथल्या जमिनीची किंमत उसळते. ते चौक कुठे येणार हे कोणाला आधी कळलं आणि तिथे खरेदीखतं कोणाच्या नावावर झाली, हे निबंधक कार्यालयात शोधता येतं.

टोलनाकेच नसतील तर न भरणाऱ्याचं काय?

कॅमेरा नंबरपाटी टिपतो, बिल घरी येतं. टोरांटोच्या ४०७ वर थकबाकीदाराचं नाव कंपनी सरकारला कळवते आणि गाडीच्या नंबराचं नूतनीकरण अडतं. खासगी कंपनीच्या वसुलीला सरकारी यंत्रणा जुंपली जाते, म्हणून चुकीच्या बिलाची दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची, हे करारात असलंच पाहिजे.

करार बघायला मागितला तर ‘व्यापारी गुपित’ सांगतात. मग?

निविदा चालू असताना बोलीचे आकडे गुप्त ठेवणं समजू शकतं. सही झाल्यावर टोलचं सूत्र, समाप्तीची भरपाई, स्पर्धेचं कलम आणि सरकारी हमी यांत गुपित ठेवण्यासारखं काय राहतं? हे लोकांवर पुढची काही दशकं लागू होणारे नियम आहेत. एम-६ टोलच्या विरोधकांनाही कंपनीबरोबरचा करार पाहण्यासाठी १९९० च्या दशकात न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘संपूर्ण करार’ मागण्याबरोबर कलमांची नावं घेऊन, परिशिष्टांसह मागणी करा. महत्त्वाचे आकडे सहसा परिशिष्टांत असतात.

टोलला विरोध म्हणजे विकासाला विरोध?

हा प्रश्न नाही, तोंड बंद करण्याची युक्ती आहे. तसंच ‘टोल म्हणजे लूट’ हेही. रस्ता वापरणाऱ्याने त्याचे पैसे द्यावेत, न वापरणाऱ्याने करातून देऊ नयेत, या म्हणण्यात न्याय आहे. फक्त वापरणाऱ्याने किती काळ आणि कुठवर द्यायचे, ते दाखवून द्या.

जनसुनावणीला गेलो तर एकच प्रश्न विचारायचा झाला तर कोणता?

‘वाहनं अंदाजापेक्षा एकतृतीयांश कमी आली, तर ती तूट करारातल्या कोणत्या कलमानुसार कोण भरेल?’ उत्तर ‘कंपनी’ असेल तर कलम वाचून दाखवायला सांगा. उत्तर ‘असं होणार नाही’ असेल, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी हरकतीपेक्षा लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच विचारली जाते.

आंदोलनांनी आजवर कुठे काही साधलं आहे का?

वरच्या उदाहरणांतच उत्तर आहे: टेक्सासची योजना रद्द झाली, सिडनीचे रस्ते पुन्हा रुंद झाले, डीएनडी टोलमुक्त झाला, ९१ च्या मार्गिका परत घेतल्या गेल्या. मात्र यातलं टेक्सासचं तेवढं करार अमलात येण्याआधी झालं. बाकी ठिकाणी बरीच वर्षं किंवा बरेच पैसे गेले. दक्षिण आफ्रिकेत गाउतेंग प्रांताच्या महामार्गांवर डिसेंबर २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक टोल लागू झाला. तिथे रस्ता सरकारी संस्थेचा होता, पण पैसा रोख्यांतून, म्हणजे कर्जातूनच उभा केलेला. बहुसंख्य वाहनचालकांनी बिलं भरलीच नाहीत. दहा वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, यंत्रणा बंद झाली. कर्ज राहिलंच, त्यातला ७० टक्के भार केंद्र सरकारने घेतला आणि ३० टक्के प्रांताने, म्हणजे टोल न भरलेल्यांनी, भरलेल्यांनी आणि त्या रस्त्यावर कधीच न गेलेल्यांनीसुद्धा.